हजारात शून्य

"निघाली! निघाली!" असा गलका झाला आणि बंद पडलेल्या त्या सिनेमागृहात सातशे माणसं एकदम उभी राहिली. म्हणजे ज्यांना उभं राहता येत होतं ती. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती पुढच्या सहा रांगांतली माणसं बसूनच माना उंच करत होती. त्या रांगांतल्या खुर्च्यांचे हात करवतीने कापून टाकले होते, नाहीतर ती माणसं खुर्चीत मावलीच नसती.

स्टेजवर टेबल होतं, टेबलावर एक अगडबंब बाई आडवी झाली होती आणि हलकेबाबांची चार बोटं तिच्या पोटात दुसऱ्या पेरापर्यंत शिरली होती. चाकू नाही, भूल नाही, टाका नाही. बोटांच्या फटींतून लाल पाणी ओघळलं. बाबांनी डोळे फिरवले, दीर्घ हुंकार दिला आणि मुठीएवढा चरबीचा गोळा ओढून हवेत उंच धरला. गोळ्याच्या एका अंगाला जांभळट डाग होता.

"दिसला का डाग?" बाबा गरजले. "हा रोगाचा रंग! ही नुसती चरबी नाही, वर्षानुवर्षं साचलेलं पाप आहे. डॉक्टर चाकूने कापतो, त्याला हा डाग कधी दिसत नाही. मला बोटाला लागतो!"

सातशे माणसांनी डोळे मिटून हात जोडले. उघडे ठेवले असते तर बरं झालं असतं, पण नेमक्या चमत्काराच्या वेळी डोळे मिटायचे ही माणसाची जुनी खोड आहे. तोंडाला पांढरं फडकं बांधलेल्या शिष्याने टॉवेलने बाईचं पोट पुसलं. पोटावर ओरखडासुद्धा नव्हता. गोळा लगेच मागच्या शेगडीत गेला, चरचरला, आणि धुपाच्या धुरात त्याचा वास मिसळून गेला. पूर्वी याच हॉलमध्ये पडद्यावर याहून मोठे चमत्कार व्हायचे. पण ते खोटे असतात हे बाहेर पडताना लोकांना ठाऊक असायचं.

अठराव्या रांगेत एक बाई हुंदके देत उभी होती. ती गावातल्या बाजारातली मटणवाली. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं दुकान एकटीने चालवत होती आणि त्याच्याआधी एकोणीस वर्षं त्याच्या जोडीने. रोगी माणसाच्या घरच्यांना दहाव्या रांगेच्या पुढे बसायची बंदी होती, कारण बाबांच्या म्हणण्याप्रमाणे नातेवाइकांच्या अंगाला संशयाचा वारा असतो. त्यामुळे तिला लांबून गोळा दिसला, डाग दिसला, बाबांचे हात दिसले. आणि तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ ज्या वासात काढली, तो चरबी जळाल्याचा वास तिच्या नाकाला जाणवलाच नाही. स्वतःच्या घराचा वास कोणाला येतो?

ती इथे आली होती लेकीसाठी. लेक सव्वीस वर्षांची, वजन एकशे एकतीस किलो. एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची नोकरी, कारण तिथे तोंड दाखवावं लागत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ साखरेची सुई, आणि झोपताना नाकावर श्वासाचं यंत्र, नाहीतर झोपेत श्वास अडकायचा. शेजारपाजारचे तिला "गोदाम" म्हणायचे, तेही तिला ऐकू जाईल अशा बेताने. पोरगी विनोदी होती. म्हणायची, "आई, माझ्यामागे तीन माणसं सावलीला उभी राहू शकतात, समाजसेवा आहे ही."

चारच दिवसांपूर्वी मायलेकी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या होत्या. ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांवर होती. डॉक्टरीणबाई सडेतोड होत्या, आणि तोच त्यांचा गुन्हा ठरला.

"पोटाला पाच बारीक भोकं पाडून दुर्बिणीने ऑपरेशन करायचं," त्या म्हणाल्या. "जठराचा मोठा भाग कापून काढणार. उरेल तो केळ्याएवढा. चरबीला आम्ही हात लावत नाही, ती तुझं शरीरच जाळेल. दीड-दोन वर्षांत वजन साधारण पाव ते एक तृतीयांश उतरेल. बारीक होशील असं नाही म्हणत मी, हलकी होशील. साखर बहुतेकांची सुधारते, काहींची सुईसुद्धा सुटते, सगळ्यांची नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. केस काही महिने गळतील. भराभर खाल्लंस तर उलटी होईल. आणि पुढे काही वर्षांनी थोडं वजन परत चढू शकतं."

"आणि धोका?" आईने विचारलं.

"आतला टाका शंभरात एखाद्याचा गळतो, मग पुन्हा पोट उघडावं लागू शकतं. रक्ताची गाठ होऊ शकते. आणि हजारात एखादा पेशंट दगावतो. हिला मधुमेह आहे, झोपेचा त्रास आहे, म्हणून तर दोन महिने तयारी करून घेतली. पण शून्य धोका असं मी म्हणणार नाही."

"आणि नाही केलं तर?" लेकीने विचारलं.

"त्याचाही धोका असतोच की. हृदयाचा, मूत्रपिंडाचा, झोपेत जायचा. तुझ्या बाबतीत तो ऑपरेशनपेक्षा बराच मोठा आहे. फक्त त्याच्या कागदावर कोणी सही मागत नाही."

लेक खुदकन हसली आणि तिने सही केली. आईने मात्र एवढ्या सगळ्या बोलण्यातून एकच गोष्ट उचलली. हजारातला तो एक तिच्या डोक्यात घर करून बसला, आणि त्याला चेहरा होता तिच्या लेकीचा. तीस वर्षं सुरा चालवणाऱ्या बाईला सुऱ्याची भीती वाटते हे लोकांना खरं वाटत नाही. पण सुऱ्याने काय होतं हे तिच्याइतकं कोण जाणत होतं? तिने रोज पाहिलं होतं.

आणि आता स्टेजवरून बाबा विचारत होते, "डॉक्टर काय म्हणतो? हजारात एक मरतो! म्हणतो की नाही? तो स्वतःच कबूल करतो! माझ्याकडे हजारात किती?"

"शून्य!" हॉल ओरडला.

"किती?"

"शून्य!"

मटणवालीसुद्धा ओरडली. तिचा जीव इतका भांड्यात पडला की तिने तिथेच बसून रडून घेतलं. जिने खरं सांगितलं ती हरली आणि ज्याने थाप मारली तो जिंकला, एवढ्यावर निकाल लागला. दारातली पेटी उचलायला दोन माणसं लागत होती, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

घरी रणकंदन झालं. लेक म्हणाली, "आई, बोटाने चरबी निघत असती तर तू सुरीला कशाला धार लावतेस? उद्यापासून बोकड बोटाने सोल."

"थट्टा करू नकोस. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"अठराव्या रांगेतून?"

"तू त्या टेबलावर गेलीस आणि परत नाही आलीस तर मी काय करू? सांग ना. कोणासाठी दुकान उघडू?" असं म्हणून आई भिंतीशी जी बसली ती दोन दिवस तिने पाण्याच्या घोटाशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी लेकीने हात टेकले. हॉस्पिटलला तिनेच फोन करून तारीख पुढे ढकलली. लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची तिला सवय होती, आईचीही ऐकून घेतली.

बाबांचे नियम मोजके होते. बैठकीच्या आधी तीन दिवस नुसतं पाणी आणि बाबांचं चूर्ण, जे पोटात गेलं की माणूस संडासातून बाहेर येत नाही. साखरेची सुई बंद, कारण टोचलेल्या शरीरात शक्ती उतरत नाही. श्वासाचं यंत्र बंद, कारण श्वास उसना घ्यायचा नसतो. आणि सगळ्यात कडक नियम असा की काट्यावर पाय ठेवायचा नाही. "काटा हा संशयाचा डोळा आहे," बाबा सांगत. "त्याच्यावर चढलात की गेलेली चरबी दुपटीने परत येते!" असा नियम एखाद्या दुकानदाराने केला असता तर गिऱ्हाइकांनी त्याचं दुकान फोडलं असतं. मटणवालीच्या दुकानात तर काटा एक तोळा इकडेतिकडे झाला तरी भांडणं होत. पण बाबांच्या ह्या नियमाला कोणी हरकत घेतली नाही.

पहिली बैठक झाली. लेक टेबलावर आडवी झाली, तिच्या पोटाचा डोंगर तिच्या आणि बाबांच्या मधे उभा राहिला, त्यामुळे बाबा काय करतात हे तिला दिसेना. चार गोळे निघाले. "चार किलो!" बाबांनी जाहीर केलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि अठराव्या रांगेतली आई धन्य झाली.

"आई, एक सांगू?" परतताना लेक म्हणाली. "त्याने हात घातला तेव्हा पोटाला गारेगार लागलं. फ्रीजमधून काढलेलं काहीतरी ठेवावं तसं."

"सिद्ध माणसाचा हात गारच असणार."

"हात गरम होता गं. हातात जे होतं ते गार होतं."

"तुला विश्वास ठेवायचाच नाही ना?" आई म्हणाली, आणि विषय संपला.

दोन दिवस लेकीला खरंच हलकं वाटलं. तीन दिवस उपाशी राहून पोट धुऊन निघाल्यावर कोणालाही वाटेल. तिसऱ्या दिवशी आई गिऱ्हाइकात गुंतलेली असताना ती दुकानाच्या मागे गेली आणि जिवंत बकरी तोलायच्या मोठ्या काट्यावर उभी राहिली. एकशे एकतीस. हॉस्पिटलातल्या आकड्यात आणि ह्या आकड्यात तसूभर फरक नव्हता. तिने तिथूनच हाक मारली, "आई, ये बघ, तुझा काटा खोटं बोलतो की तुझे बाबा?"

आई धावत आली आणि तिने काट्याकडे पाहिलंच नाही. सव्वीस वर्षांच्या लेकीच्या तिने फाडकन थोबाडीत मारली. "का चढलीस? चार किलो गेले होते, घालवलेस ना? घालवलेस!" दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनी माना वळवून सगळं पाहिलं. लेक काट्यावरून उतरली आणि आत गेली. त्यानंतर तिने एकही विनोद केला नाही.

मटणवालीचा दिवस पहाटेच सुरू होई. तोलून पाठवलेले बोकड कत्तलखान्यातून कापून, तपासून परत यायचे. प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर आणि पाठीवर तपासनिसाचा गोल शिक्का असायचा, त्यात कत्तलखान्याचा आकडा आणि तारीख. शाईचा तुकडा गिऱ्हाइकाला नको असतो, म्हणून ती शिक्का असलेली चरबी तिरक्या सुरीने काढून पत्र्याच्या डब्यात टाकायची. दर बुधवारी स्कूटरवरून एक किडकिडीत माणूस येऊन तो डबा घेऊन जायचा. भटक्या कुत्र्यांना घालतो म्हणायचा. मुक्या जिवांच्या पोटात जायचं म्हणून ती ते तुकडे धुऊन, फ्रीजमध्ये ठेवून, डब्याला सुतळी बांधून द्यायची. लेकीच्या आजारपणापासून तर ती जास्तच मन लावून द्यायला लागली होती. पुण्य लागेल, तेवढंच लेकीच्या कामी येईल असा तिचा हिशेब.

दुसरी बैठक झाली. तिसरी झाली. लेकीची जीभ कोरडी पडू लागली, तहान भागेना, दिवसभर झोप येऊ लागली. आईने बाबांना निरोप पाठवला. उत्तर आलं, "शरीर विष बाहेर टाकतंय. शुभ लक्षण आहे." तिसऱ्या बैठकीनंतर पाचव्या सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा लेक अंथरुणात कुशीवर निजली होती आणि हलवल्यावर हलली नाही. चार माणसांना तिला उचलता येईना, म्हणून शेजारी सहा जण बोलवायला धावले. त्यातल्या एकाने उचलताना "गोदाम" हा शब्द उच्चारलाच.

हॉस्पिटलच्या अपघात विभागात तरुण डॉक्टरने तपासलं, धडपड केली, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन ती गेल्याचं सांगितलं. "साखर साडेसहाशेच्या वर होती. शरीरात पाणीच राहिलं नव्हतं. सुई कधीपासून बंद होती?"

आईने सांगितलं.

"कोणी बंद केली?"



इथे एखाद्याला वाटेल की आता तरी तिचे डोळे उघडले असतील. नाही उघडले. दुःखात माणूस शहाणा होतो हा गैरसमज आहे. बाबा जातीने घरी आले, अंगणात खुर्चीवर बसले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "मुलगी काट्यावर चढली होती का?"

"चढली होती," आई म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. "मग मी काय करणार?"

एवढंच बोलून ते उठले. बघा कशी सफाई आहे. रोगी वाचला तर बाबांनी वाचवला, मेला तर स्वतःच्या संशयाने मेला. असा खेळ असेल तर हरायचं कसं? तिच्या काळजावर त्या एका प्रश्नाने जो घाव बसला तो तिने आयुष्यभर कोणत्याही जनावरावर घातला नसेल. आपलीच पोर आपल्याच काट्यावर चढून मेली असं ती मानून चालली, आणि दर रात्री तिला ती थोबाडीत आठवे तेव्हा वाटे की आणखी जोरात मारायला हवी होती.

तीन आठवड्यांनी बाबांनी तिला बोलावणं धाडलं. स्टेजवर येऊन तिने सगळ्यांना सांगायचं की संशय केल्याने काय होतं. तेच तिचं प्रायश्चित्त. ती तयार झाली. लेकीचा आत्मा सुटेल असं तिला सांगितलं होतं.

त्या दिवशी ती स्टेजवर आली तेव्हा तोंडाला फडकं बांधलेला शिष्य तिला बघून दचकला. बाबांच्या कानाशी लागून तो काहीतरी पुटपुटला. बाबांनी त्याला हाताने झटकलं. सातशे माणसांसमोर रडणारी आई मिळत असताना कुठला बाबा तिला परत पाठवेल? तिला टेबलापासून दोन हातांवर स्टूल देण्यात आलं. आधी एक रोगी, मग तिची कबुली, असा कार्यक्रम ठरला होता.

टेबलावर पंक्चर काढणारा एक तरुण आडवा झाला. त्याची ती पहिलीच खेप होती. बाबांनी टॉवेल घेतला, हात पसरले आणि सुरुवात केली. "डॉक्टर पोट लहान करतो. मी? मी वासना लहान करतो! डॉक्टर म्हणतो, हजारात एक मरतो. माझ्याकडे?"

"शून्य!"

मटणवाली "शून्य" म्हणाली नाही. ती बाबांच्या हातांकडे बघत होती. मुद्दाम नव्हे, दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. बाजूने बघताना तिला दिसलं की बोटं पोटात शिरत नव्हती. ती दुमडत होती. जाड पोटाला जी खोल घडी असते तिच्यात बोटं दुमडून दाबली की वरून बघणाऱ्याला आत गेल्यासारखी दिसतात. टॉवेलच्या वळीतला स्पंज पिळला गेला, लाल पाणी ओघळलं. आणि त्याच वळीतून बाबांच्या अंगठ्याने एक पांढरा गोळा घडीत सरकवला.

बाबांनी गोळा ओढून वर धरला. या वेळी तो तिच्या नाकासमोरच होता.

गोळ्यावर तिरका काप होता. सुरी डावीकडून उतरवली की येतो तसा. आणि जांभळ्या शाईत अर्धं वर्तुळ, आत कत्तलखान्याचा आकडा, त्याच्याखाली तारीख. कालची.

तिने उठून बाबांचं मनगट पकडलं. तडफडणाऱ्या बोकडाचे पाय धरणारा हात तो, बाबांना काही सुटेना.

"हा बोकड आहे," ती म्हणाली.

"संशय!" बाबा ओरडले. "बघा, संशय बोलतोय! हिची मती फिरली आहे!"

"हा काल माझ्या दुकानात टांगला होता. हा काप माझ्या सुरीचा आहे."

"खाली ओढा तिला!" असा आरडाओरडा झाला. एक चप्पल येऊन तिच्या कानशिलावर आदळली. दोन बायका स्टेजवर चढू लागल्या, देवाचं नाव घेत आणि शिव्या देत. मटणवालीने मोकळ्या हाताने टेबलावरून लोंबणारी चादर वर उचलली. खाली तिचा पत्र्याचा डबा होता, त्याला तिने बांधलेली सुतळी होती. डब्यात आणखी पाच गोळे होते, थंडगार, धुतलेले, शिक्के असलेले.

पहिल्या रांगेत एक म्हातारा पोस्टमन बसला होता. जन्मभर शिक्के मारलेला माणूस. बाबांचं मनगट सोडून तिने वाकून एक गोळा त्याच्यापुढे धरला. "काका, वाचा."

पोस्टमनने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मोठ्याने आकडा वाचला, मग तारीख वाचली. दुसरा गोळा घेतला, तोही वाचला. तिसऱ्यापर्यंत स्टेजवर चढणाऱ्या दोघी बायका खाली उतरल्या.

"आता मला सांगा," मटणवाली म्हणाली, "हा पोरगा इथे आज पहिल्यांदा आला. त्याच्या पोटात शिरून कालच्या तारखेचा शिक्का कोणी मारला?" मग तिने पंक्चरवाल्याला विचारलं, "दादा, हात लावू का?" तो घाबरून हो म्हणाला. तिने त्याच्या पोटाच्या घडीत बोटं दुमडली. चार बोटं दुसऱ्या पेरापर्यंत दिसेनाशी झाली. तिने टॉवेल पिळला, लाल पाणी आलं. सातशे माणसांनी हा चमत्कार एका मटणवालीच्या हातून पाहिला आणि कोणी हात जोडले नाहीत.

"हे प्रतीक आहे!" बाबा किंचाळले. "चरबीचं प्रतीक! मी लोकांना आशा देतो! आशा देणं हा गुन्हा आहे का?"

लोकांचे जे हात आजवर बाबांपुढे जोडले जात होते त्याच हातांनी आता त्यांची दाढी धरली. गर्दी तीच, जोर तोच, फक्त दिशा बदलली. शिष्य पळता पळता धरला गेला, तोंडावरचं फडकं निघालं, आणि आत तो स्कूटरवाला किडकिडीत माणूस निघाला. "मावशी, मी नुसता डबा आणायचो," तो रडत म्हणाला. चौथ्या रांगेत एक हवालदार होताच, तोही पोट कमी करायला आला होता. एका हाताने पँट सावरत दुसऱ्याने त्याने बाबांना मार खाण्यातून ओढून काढलं आणि बाहेर नेलं. सगळा हॉल त्यांच्यामागे धावला. ह्यातली निम्मी माणसं महिन्याभरात दुसरा कोणी बाबा शोधतील, यात मला तरी शंका नाही.

स्टेजवर ती आणि पंक्चरवाला उरले. तो अजून शर्ट वर करून आडवाच होता.

"मावशी, मग आता माझं काय?"

"साखरेची सुई घेतोस?"

"घेत होतो. सहा दिवसांपूर्वी ह्यांच्या माणसाने बंद करायला लावली. चूर्ण पण चालू आहे."

"आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जायचं. घरी नाही, आधी तिथे. काय बंद केलंस, काय खाल्लंस, लाज न बाळगता सगळं सांग."

"ते ऑपरेशन सांगतात. मला फार भीती वाटते."

"वाटू दे. भीती वाटते म्हणून पळू नकोस, भीती वाटते म्हणून विचार. आजवर किती जणांचं केलंत, किती दगावले, टाका गळला तर काय करणार, पुढे जन्मभर काय सांभाळायचं, आणि नाही केलं तर काय होईल. जो तोंडावर आकडे सांगेल त्याच्यासमोर बसून राहा. जो म्हणेल काहीच होणार नाही, तिथून ऊठ. मग करायचं की नाही ते तूच ठरव, पण माहिती घेऊन ठरव. कोणाच्या रडण्याने ठरवू नकोस. आईच्यासुद्धा नाही."

त्याला एकट्याला उठता येईना. तिने त्याच्या पाठीखाली हात घातला, दुसरा खांद्याला लावला आणि एका हिसक्यात त्याला बसवलं. एवढ्या जड माणसाला कसं बसतं करायचं हे तिला चांगलं माहीत होतं.

"तुमच्या घरात पण कोणी आहे का असं?" त्याने विचारलं.

"लेक होती. तिने ऑपरेशनच्या कागदावर सही केली होती, मी करू दिलं नाही. इथे आणली. आज चोवीस दिवस झाले तिला जाऊन."

पंक्चरवाल्याने शर्ट खाली ओढला, पाय टेबलाखाली सोडले आणि तिला विचारलं, "हॉस्पिटलपर्यंत याल का माझ्याबरोबर?"